दरपत्रकावर सही करण्यापूर्वी

पत्राचा सारांश: पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणारे ४१ वर्षांचे एक वाचक लिहितात, "आमच्या सोसायटीत १३२ फ्लॅट आहेत आणि यंदा मी खजिनदार आहे. घरकामाला येणाऱ्या बायकांच्या पगारावरून सोसायटीच्या ग्रुपवर दोन महिने वाद चालू आहे. 'रेशन फुकट, वर लाडकी बहीणचे दीड हजार, मग यांना कामाची गरज कशाला उरेल?' असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने 'आपण एका रात्रीच्या जेवणावर उडवतो तेवढंच त्यांना महिन्याला देतो' असं सुनावलं. तेव्हापासून सरळ दोन तट पडले आहेत. आता कमिटीला दरपत्रक हवं आहे. भांड्यांचे ९००, केर-फरशीचे १,१००, महिन्याला दोन सुट्ट्या, त्यापुढचे खाडे कापायचे आणि याहून जास्त कोणी द्यायचं नाही. शिवाय कामवाल्यांनी फक्त मागची लिफ्ट वापरायची. वार्षिक सभेसाठी मसुदा मी करायचा आहे. आमच्याकडे भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या ताईंना आम्ही २,२०० देतो. ही वाढ चार वर्षांपूर्वीची. त्या आता ३,००० मागतात. आम्ही दोघं नोकरी करतो, मिळून १ लाख ६० हजार हातात येतात, त्यातला ६२ हजारांचा गृहकर्जाचा हप्ता. खरी विषमता तर वरच्या एक टक्क्यात आहे, तिचं ओझं आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांनी का वाहायचं? मी एकट्याने ३,००० दिले तर सगळ्यांचा बाजार बिघडेल. पण मसुदा लिहायला मन धजत नाही. घरात आईने ताईंसाठी वेगळा कप ठेवला आहे, तोही आता डोळ्यांत खुपायला लागला आहे. मी काय करावं?"

नमस्कार.

मन धजत नाही, हे चांगलं आहे. त्या मसुद्यात खरोखरच गडबड आहे आणि ती तुम्हाला आकड्यांच्या आधी जाणवली. तुम्ही खजिनदार आहात, म्हणून आधी आकड्यांकडेच येतो.

ताई तुमच्या घरी नेमका किती वेळ असतात, हे पत्रात कुठेच नाही. पगार, हप्ता, फ्लॅटची संख्या, सगळं आहे, तेवढंच नाही. दोष तुमचा एकट्याचा नाही, बहुतेक घरांत हा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो. घरकामाचा दर 'कामा'वर ठरतो. भांडी हे एक काम, केर-फरशी दुसरं, कपडे तिसरं. पण दोन माणसांची भांडी आणि सहा माणसांची भांडी एकच काम कसं? रविवारी पाहुणे आले, कुकरला डाळ करपून बसली, कढईला तेलाचा थर चढला, तरी दर तोच. वन बीएचकेची फरशी आणि तीन बाल्कन्यांच्या थ्री बीएचकेची फरशी तुमच्या दरपत्रकात १,१०० रुपयांतच बसते. दरपत्रकातली पहिली चूक ही.

म्हणून मसुदा बाजूला ठेवा आणि १५ दिवस ताई आल्याची आणि गेल्याची वेळ लिहून ठेवा. त्यांना सांगून लिहा. लपून लिहिलंत तर त्यांना वाटेल की खाडे मोजताय. दोन बेडरूमच्या घरात, चार माणसांची दोन वेळची भांडी आणि केर-फरशी धरली तर सव्वा तासाच्या आसपास आकडा येईल. तेवढाच धरून बघू. महिन्याला २८ दिवस, म्हणजे ३५ तास. २,२०० भागिले ३५, तासाला ६३ रुपये.

पण हे फक्त तुमच्या दाराच्या आतलं झालं. समजा ताईंकडे अशी पाच घरं आहेत, सगळी याच दराची. पगाराचं काम सव्वासहा तासांचं, कमाई ११,०००. आता गेटवरच्या नोंदीत त्यांची आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ बघा. एका घरातून निघाल्यावर दुसऱ्या घरी बेल वाजवली तर तिथल्या मॅडमची मीटिंग चालू असते, तिसऱ्या घरी सिंकमध्ये अजून भांडी पडलेली नसतात, लिफ्टची वाट बघणं वेगळंच. वस्तीतून निघून परत पोहोचेपर्यंत सव्वाआठ तास सहज जातात. २८ दिवसांचे २३१ तास. ११,००० भागिले २३१ केलं की ६३ चे ४८ होतात. मधले हे बिनपगारी तास तुमच्या किंवा माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत, कारण ते जिन्यात आणि पॅसेजमध्ये जातात.

यावर नेहमीचं उत्तर येतं: 'मग आणखी दोन घरं धरावीत.' धरता येत नाहीत. प्रत्येक घराला भांडी सकाळी अकराच्या आत घासून हवी असतात. सात ते बारा या पाच तासांत सगळ्यांची मागणी एकवटते आणि दुपारी दोननंतर काम नसतं. त्यामुळे धडधाकट बाईलासुद्धा आठ तासांचा पूर्ण रोजगार या पद्धतीत जमवता येत नाही. कष्ट कमी पडत नाहीत, वेळापत्रक आपलं असतं. तुमच्या घरी कोणी दुपारी असेल आणि ताईंना तीनची वेळ चालत असेल तर ती द्या. सकाळचा एक तास मोकळा झाला की त्यांना दुसरं घर घेता येतं आणि तुमचा एक रुपयाही जास्त जात नाही.

आता ३,००० च्या मागणीकडे. चार वर्षांत महागाई वर्षाला ५ टक्के धरली तरी तेव्हाच्या २,२०० ची बरोबरी करायला आज २,६७४ रुपये लागतात. म्हणजे मागितलेल्या ८०० पैकी ४७४ तर जुनाच पगार जागेवर ठेवायला जातात. खरी वाढ ३२६ रुपयांची, तीही चार वर्षांनी. ३,००० दिल्यावर तासाचा दर ८६ च्या जवळ जातो. तुमच्या १ लाख ६० हजारांत हे जादा ८०० रुपये म्हणजे बरोबर अर्धा टक्का. ताईंची मागणी अवाजवी नाही. द्या, आणि पुढच्या महिन्यापासून म्हणू नका, याच महिन्यापासून द्या.

'बाजार बिघडेल' या शब्दांवर मात्र थोडं थांबू या. ग्रुपवरचे लोक ज्याला बाजारभाव म्हणतात, तो १३२ घरांनी एकत्र बसून ठरवायचा आणि त्यावर कोणी जाऊ नये असा ठराव करायचा, ही योजना आहे. काम करून घेणारे सगळे एक झाले आणि काम करणारी प्रत्येक बाई एकटी राहिली, तर जो आकडा निघतो त्याला बाजारभाव म्हणता येत नाही. उद्या तुमच्या क्षेत्रातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं की अमुक पदाला अमुकपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही, तर तुम्ही पहिले ओरडाल, आणि रास्त ओरडाल. तुम्ही ३,००० दिल्याने बिघडणार असेल तर तो कमी दराला दिलेला आधार. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पुण्यात या प्रश्नाला जुना इतिहास आहे, तो सभेत सांगण्याजोगा आहे. आजारपणामुळे रजा घेतलेल्या एका बाईला कामावरून काढलं, या निमित्ताने १९८० साली शहरातल्या मोलकरणींनी काम बंद केलं आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एका पगाराचा बोनस या आज अनेक घरांत सहज पाळल्या जाणाऱ्या गोष्टी त्या बायकांनी मागून, भांडून रूढ केल्या. कायद्याने फारसा हात दिला नाही. कर्नाटकाने २००४ मध्येच घरकाम किमान वेतनाच्या यादीत घेतलं. महाराष्ट्रात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कल्याणकारी मदतीचा, तासाच्या दराचा नाही. म्हणून इथे दर ठरतो तो दारात उभं राहून, आणि म्हणूनच १३२ घरांनी त्यावर कमाल मर्यादा घालणं बायकांना इतकं जड जातं.

मध्यमवर्गाबद्दलचा तुमचा प्रश्न टाळणार नाही. वरच्या एक टक्क्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ साठी असा अंदाज आहे की देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे जातो आणि संपत्तीतला ४०.१ टक्के. त्यावर कर किती असावा, वारसा कर असावा का, ही चर्चा व्हायलाच हवी. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, तो ग्रुपवर कोणी टाकत नाही. देशातल्या प्रौढांमध्ये वरच्या दहा टक्क्यांत बसायला वर्षाला सुमारे २ लाख ९० हजार पुरतात, आणि बरोबर मधल्या माणसाचं उत्पन्न सुमारे १ लाख ५ हजार आहे. तुम्ही दोघं मिळून वर्षाला १९ लाखांच्या वर हातात घेता. मधला वर्ग म्हणजे खरं तर ताई आणि त्यांचे शेजारी. पुण्यातले घरांचे भाव, शाळेची फी आणि हप्ता यांनी तुमची ओढाताण होते, ती खोटी नाही. ६२ हजार गेल्यावर महिनाअखेर कशी येते हे कळतं. तरी ताण असणं आणि खाली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्यांनी कर भरावा असं म्हणायचा तुमचा अधिकार, तुमच्या स्वयंपाकघरातला हिशेब चोख झाला की आणखी भक्कम होतो.

आता लाडकी बहीण आणि रेशन. हा मुद्दा आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर आहे, म्हणून नीट बघू. राज्य सरकारने जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या पात्र स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये सुरू केले. ६३ रुपयांच्या दराने ही २४ तासांची मजुरी होते, म्हणजे एका घराच्या कामापेक्षाही कमी. त्यावर कोणाचं घर चालत नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, ते जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. चार माणसांना २० किलो. तेल, डाळ, गॅस, भाडं, दवाखाना, क्लासची फी हे सगळं उरतंच. मग बायका काम सोडतात असं का दिसतं? दीड हजार हातात असले की सगळ्यात कमी पैसे देणारं, सगळ्यात जास्त बोलणारं एक घर सोडता येतं. ज्याच्या घरचं काम सुटतं त्याला वाटतं की सगळ्याच काम सोडताहेत. या योजनेवर सरकारने किती खर्च करावा, त्यासाठी कुठला निधी वळवावा, यावर मतभेद असू शकतात आणि ते गंभीर आहेत. पण तो वाद सरकारशी घालायचा. त्याची वसुली भांडी घासणाऱ्या बाईच्या पगारातून करणं बरोबर नाही.

सोसायटीत निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध जोडपीही असतील. त्यांची अडचण खरी आहे, आणि दरपत्रकाच्या बाजूने तीच पुढे केली जाईल. त्यांना सुचवा की दर कमी करू नका, काम कमी करा. दोन माणसांच्या घरात फरशी एक दिवसाआड पुसली तर चालते. रोजचा सव्वा तास असा ४५ मिनिटांवर आणता येतो. ३,००० च्या दराने त्या कामाचे १,८०० होतात. बाईचा तासाचा भाव पडत नाही आणि आजोबांचं बजेटही सांभाळलं जातं.

आता सभेचं. तुमची मुख्य जबाबदारी इथे आहे.

आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीचे नमुना नियम, सामाईक जागा, वर्गणी, देखभाल, पार्किंग अशा गोष्टींबद्दल आहेत. सभासदाने आपल्या घरात काम करणाऱ्या बाईला किती पगार द्यावा, हे ठरवायचा अधिकार त्यांतून संस्थेला मिळत नाही. तसा ठराव झाला तरी तो कोणाच्या खिशाला बांधील नाही, हे कमिटीच्या बैठकीतच शांतपणे सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि विषयपत्रिका १४ पूर्ण दिवस आधी सभासदांच्या हाती पडायला हवी. असले ठराव बहुधा 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या ओळीतून घुसतात, जेव्हा अर्धी माणसं चहाला उठलेली असतात. तिथे लक्ष ठेवा. विषय पत्रिकेवर नव्हता, एवढी लेखी हरकत पुरते.

नुसता विरोध केलात तर 'मग गोंधळच चालू द्यायचा का?' असा प्रश्न येईल. म्हणून मसुदा कराच, पण उलट्या दिशेचा. कमाल दर न लिहिता किमान अटींचं आवाहन लिहा, आणि त्याला ठरावाऐवजी सूचनापत्र म्हणा. त्यात इतकं असावं: दर कामाच्या वेळेवरून काढावा आणि सोसायटीत कोणीही तासाला अमुकच्या खाली देऊ नये (हा अमुक आकडा बायकांना विचारून भरा), आठवड्याला एक सुट्टी, तिचा वार ठरलेला, आजारपणाच्या वर्षाला निदान सात भरपगारी रजा, दिवाळीला एक पगार, दर एप्रिलला वाढ, आपण गावाला गेलो तरी पगार पूर्ण, कारण ती वेळ तिने आपल्यासाठी राखून ठेवलेली असते, आणि काम बंद करायचं तर एक महिना आधी सांगणं किंवा एक महिन्याचा पगार. हे शेवटचं दोन्ही बाजूंना लागू ठेवू नका. पगार बुडाला तर तिच्या घरी चूल अडते, ती न आल्याने तुमच्या घरी फक्त भांडी साचतात.

एक काळजी जरूर घ्या. ताईंचं नाव, त्यांची मागणी, त्यांच्या शेजारणीने काय सांगितलं, यातलं काहीही सभेत किंवा ग्रुपवर काढू नका. त्यांची बाकीची चार घरंही याच इमारतीत असणार. 'अमुकच्या बाईने तक्रार केली' एवढं पसरलं की चारही घरं सुटू शकतात, आणि तुमच्या चांगुलपणाची किंमत त्या मोजतील. तासाचा किमान आकडा काढायचा तर पाच-सहा जणींशी एकत्र बोला, दुपारी काम संपल्यावर, कोणाच्याही घरात नाही. त्या संघटनेच्या सभासद असतील तर तिथल्या कार्यकर्त्यांना बोलवा. बायका आपणहून सभेत येऊन बोलायला तयार असतील तर उत्तम. नसतील तर आग्रह करू नका.

ग्रुपवर मोठमोठे निबंध लिहून काही हाती लागणार नाही. एकच संदेश पुरेल, असा काहीसा: "सगळ्यांना विनंती. सभेपूर्वी प्रत्येकाने आपल्या घरच्या कामाची रोजची मिनिटं १५ दिवस मोजावीत आणि पगाराला महिन्याच्या तासांनी भागून आकडा स्वतःजवळ ठेवावा. इथे टाकायची गरज नाही. सभेत आपण तेवढ्यावरच बोलू." लोक मोजतील. सगळे नाही, पण तीस-चाळीस घरं मोजतील आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तो आकडा आवडणार नाही. फुकटे, कामचोर, ढोंगी असले शब्द दोन्ही तटांकडून येत असतील, त्यांना उत्तर देऊ नका.

लिफ्टबद्दल माझं मत ठाम आहे. नियम वस्तूवर असावा, माणसावर नको. कचऱ्याच्या पिशव्या, ओली पोछ्याची बादली, सिलिंडर, फर्निचर मागच्या लिफ्टने न्यावं, मग नेणारा सभासद असो की कामगार. 'कामवाल्यांनी' असा शब्द नियमात आला की नियम स्वच्छतेचा राहत नाही. आणि मागची लिफ्ट देखभालीसाठी बंद असते तेव्हा भांडी घासून दुखावलेले गुडघे घेऊन अकरा मजले चढणारी बाई कोण असते, तेही सभासदांना ठाऊक आहे.

लिफ्टपेक्षाही महत्त्वाची गोष्ट कोणाच्या यादीवर नसते: या बायका लघवीला कुठे जातात? सकाळी सातला घर सोडलेली बाई दुपारी तीनला परतते. फ्लॅटमधलं संडास वापरू देणारी घरं थोडी. पार्किंगमध्ये वॉचमनचं एक असतं, त्याला आतून कडी नसते, दिवा गेलेला असतो, किल्ली वॉचमनकडे असते. म्हणून बायका पाणीच कमी पितात आणि मग लघवीच्या जळजळीवर औषधं घेत फिरतात. खजिनदार म्हणून तुम्ही हे एका महिन्यात करू शकता. तळमजल्यावर बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह, आतून कडी, दिवा, पाणी, झाकणाची कचरापेटी, बाहेर बसायला एक बाक आणि प्यायच्या पाण्याचा नळ. किल्ली नको, उघडं असावं. हा खर्च देखभालीत बसतो, आणि सामाईक जागेत सुविधा करणं हे संस्थेचंच काम आहे.

तुमच्या वहीतली आणखी एक नोंद तपासा. सोसायटीचे सफाई कामगार आणि वॉचमन ठेकेदारामार्फत येत असतील, तर बिल मंजूर करताना त्यासोबत मागच्या महिन्याचं पगारपत्रक, बँकेत पैसे जमा झाल्याचा पुरावा आणि भविष्यनिर्वाह निधी व ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) चलन मागा. लागू असेल तिथे ईएसआयमध्ये मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के असतो. बिलात तो लावलेला असतो, पण भरलेला असतोच असं नाही. कामगारांपैकी दोघांना त्यांचा ईएसआयचा नंबर विचारा, लगेच कळेल.

घरातल्या कपाचं. हा विषय सभेचा नाही आणि पुढे ढकलण्याचाही नाही. खिडकीच्या कडेला वेगळा ठेवलेला, तिनेच विसळून पुन्हा तिथेच ठेवायचा कप ही आपल्याकडची जातीची सवय आहे, तिला स्वच्छतेचं नाव दिलं तरी. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला मनाई केली आहे. आईंशी भांडण नको, भाषण तर नकोच. चहा तुम्ही करा, सगळ्यांसाठी एकाच ट्रेमधल्या कपांत ओता, ताईंना त्यातला एक द्या आणि तो जुना कप काढून टाका. आई दोन दिवस धुसफुसतील. विचारलं तर सांगा, "आई, आपल्या जेवणाची ताटं त्यांच्याच हातांनी घासली जातात, मग कपाला काय होतं?" ताई सोफ्यावर बसायला संकोचल्या तर जबरदस्ती करू नका. खुर्ची पुढे करा, त्यांना हवं तिथे त्या बसतील.

पगार वाढवल्यावर हमखास होणारी एक चूक सांगतो. ८०० वाढले की 'जरा खिडक्या पुसता का', 'आज कुंड्यांना पाणी घाला' अशी वाढीव कामं हळूच चिकटतात आणि तीन महिन्यांत तासाचा दर पुन्हा ६३ वर येतो. म्हणून कामं आणि वेळ एका वहीत लिहा, दोघांनी एकेक प्रत ठेवा. जास्तीचं काम सांगितलं तर त्याचे पैसे त्याच दिवशी. जुने कपडे, उरलेलं अन्न, दिवाळीचा फराळ प्रेमाने द्यायचा असेल तर द्या, पण पगारात धरू नका. उचल दिलीत तर तीही वहीत मांडा आणि महिन्याला पगाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त कापू नका. दहा हजारांच्या उचलीसाठी बाई दोन वर्षं कमी पगारावर अडकून राहते, असं फार ठिकाणी चालतं. पैसे फोनवर पाठवत असाल तर आधी विचारा की ते खातं कोणाच्या फोनवर आहे. बऱ्याचदा फोन मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. त्यांना रोख हवे असतील तर रोख द्या आणि वहीत सही घ्या.

शेवटची दोन कामं कागदांची आहेत, पण मी ती आधी करायला सांगेन. पहिलं, कल्याण मंडळाची नोंदणी. १८ ते ६० वयाच्या घरकामगाराला जिल्ह्याच्या कामगार विभागाच्या कार्यालयात नोंद करता येते. आधार, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, बँकेचं पासबुक आणि ती आपल्याकडे काम करते असा घरमालकाचा दाखला, एवढं लागतं. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा दाखल्यावर. मालक 'उद्या काही अंगावर येईल' या भीतीने सही करत नाहीत. काही अंगावर येत नाही. २०२१ च्या टाळेबंदीत नोंदणी असलेल्या घरकामगारांना राज्याकडून दीड हजार रुपये मिळाले. नोंद नसलेल्यांना मिळाले नाहीत, आणि नोंद नसलेल्याच जास्त होत्या. दाखला तुम्ही आजच लिहून द्या, आणि कमिटीमार्फत एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्याच बायकांचे अर्ज भरून घ्या. कार्यालयात जायला लागेल तो दिवस भरपगारी.

दुसरं, विमा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, आणि १८ ते ५० वयात घेतला तर ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमाही. दोन्ही मिळून ४५६ रुपये वर्षाला तुम्ही भरा. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो आणि त्या वेळी खात्यात शिल्लक नसली तर विमा बंद पडतो, कोणी कळवतही नाही. तेव्हा हे पैसे २० मेच्या सुमाराला ताईंच्या खात्यात टाका आणि जूनमध्ये पासबुकावर नोंद आली का ते त्यांच्याबरोबर बघा. अर्जात वारसदाराचं नाव त्या सांगतील तेच जाऊ द्या.